एका प्रवासाची दोन तिकिटं: ब्रिटिश रेल्वेभाड्यांची पार्श्वभूमी

मुंबईहून नागपूरला जायचं आणि तिकीट मात्र मुंबई–भुसावळ, भुसावळ–नागपूर असं तोडून काढायचं, तर आपल्याकडे खिशाला चाटच बसते. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. शिवाय आरक्षण शुल्क आणि सुपरफास्टचा अधिभार दोन्ही तिकिटांवर वेगळा. थेट तिकीट मिळतच नसेल तर माणूस हा मार्ग धरतो. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं आहे. गाडी तीच, जागा तीच, पण तिकिटं दोन-तीन काढली की कित्येकदा भाडं कमी पडतं.

सुरुवात तिथेही मैलांच्या हिशेबानेच झाली होती. १८४४ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना रोज किमान एक गाडी अशी चालवायला लावली, की तिसऱ्या वर्गाचं भाडं मैलामागे एका पेनीपेक्षा जास्त नसावं. १९४८ मध्ये रेल्वे सरकारी झाली तरी अंतरावरून भाडं ठरवायची रीत चालूच राहिली. ती सुटली १९६८ मध्ये. मोटारगाड्यांकडे वळलेला प्रवासी परत आणायचा म्हणून 'ब्रिटिश रेल' या सरकारी रेल्वेने मार्ग पाहून भाडं लावायला सुरुवात केली. गर्दीच्या मार्गावर चढं, प्रवासी ओढायचा तिथे उतरतं. सगळ्या गुंत्याचं मूळ मला या निर्णयात दिसतं. कारण थेट तिकीट हे टप्प्याटप्प्याच्या तिकिटांपेक्षा स्वस्तच असणार, ही खात्री तेव्हाच संपली.

पुढे १९८० च्या दशकात रेल्वेचे व्यवसायानुसार विभाग पाडले गेले. लांब पल्ल्याच्या गाड्या 'इंटरसिटी'कडे, लंडनभोवतीचा प्रदेश 'नेटवर्क साउथईस्ट'कडे. १९९३ च्या कायद्याने खासगीकरण आलं, आणि कोणत्याही दोन स्टेशनांमधलं भाडं ठरवायचा अधिकार त्या मार्गावरच्या एका प्रमुख कंपनीला मिळाला. मासिक-वार्षिक पास आणि परतीची काही सवलतीची तिकिटं सरकारी नियंत्रणाखाली राहिली. गर्दीच्या वेळेची लांब पल्ल्याची तिकिटं मात्र मोकळी सुटली आणि भरमसाट महागली.

डिडकॉट पार्कवे हे स्टेशन या प्रकारात प्रसिद्ध आहे. लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टलला जाताना सुमारे ५३ मैलांवर ते लागतं. सकाळी गर्दीच्या वेळेत पॅडिंग्टनहून सुटलेली गाडी डिडकॉटला पोहोचेपर्यंत तिथली गर्दीची वेळ संपलेली असू शकते. मग पॅडिंग्टन–डिडकॉटचं महाग तिकीट आणि पुढचं सवलतीचं, असा मेळ बसतो. थेट तिकीट काढणारा मात्र सबंध ब्रिस्टलपर्यंत गर्दीचा दर भरतो. शिवाय लंडन परिसरासाठीचं 'नेटवर्क रेलकार्ड' हे सवलतीचं कार्ड डिडकॉटपर्यंत चालतं, ब्रिस्टलपर्यंत चालत नाही. त्यामुळे गर्दीची वेळ टळली की त्याची सवलत घ्यायलाही तिकीट इथेच तोडावं लागतं. डिडकॉटला गाडी थांबते, काही जण चढतात-उतरतात, आणि खिशात दोन तिकिटं असलेला प्रवासी जागचा हलतही नाही.

यात कसलीही लबाडी नाही. एका प्रवासासाठी अनेक तिकिटं जोडून वापरायला रेल्वेच्या प्रवासअटींमध्येच परवानगी आहे. अट एवढीच, की तिकीट जिथे तुटतं त्या स्टेशनवर गाडी थांबली पाहिजे. न थांबता पुढे जाणाऱ्या गाडीत तिकिटांची ती जोडी चालत नाही. सीझन पासला तेवढी सूट आहे.

पूर्वी हे ज्ञान भाड्यांचे जाडजूड छापील खंड चाळणाऱ्या हौशी मंडळींपुरतं होतं. आता संगणक क्षणात सगळी मधली स्टेशनं तपासतो, आणि काही विक्रेते वाचलेल्या रकमेतला हिस्सा शुल्क म्हणून घेतात. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. स्टेशनवरच्या यंत्रातून थेट तिकीट काढणाऱ्या म्हातारीला शेजारच्या जागेवरच्या जाणकारापेक्षा जास्त का मोजावे लागावेत? माहिती नसल्याचा दंड असावा तसं हे भाडं आहे, आणि तो बहुधा त्यांनाच बसतो ज्यांना तो परवडत नाही.

सुधारणा तुकड्यातुकड्यानेच येत आहेत. एलएनईआर या रेल्वे कंपनीने २०२३ मध्ये आपल्या मार्गांवर एकेरी तिकिटांची पद्धत रुळवली, म्हणजे जाण्याचं आणि येण्याचं भाडं वेगवेगळं. त्याआधी सवलतीचं एकेरी तिकीट परतीच्या तिकिटापेक्षा अनेकदा जेमतेम एका पाउंडाने स्वस्त असायचं. २०२४ च्या कायद्याने प्रवासी गाड्या पुन्हा सरकारकडे घ्यायचं ठरलं, आणि मे २०२५ मध्ये साउथ वेस्टर्न रेल्वेपासून त्याची सुरुवात झाली. मालक बदलले म्हणून भाड्यांची जुनी कोष्टकं आपोआप बदलत नाहीत. ती नव्याने लिहावी लागतील, आणि ते काम सरकारपुढे अजून पडलेलं आहे.