शोषण वेगळं, ब्रेकडाउन वेगळा

“पल्स जितकी ताकदवान, तितकी हवा तिला जास्त शोषते.” मायक्रोवेव्हच्या पल्सबद्दलचं, म्हणजे लहरींच्या छोट्या झोताबद्दलचं, हे वाक्य वाचून वाचून कंटाळलो, म्हणून लिहायला बसलो. दोन निराळ्या गोष्टींची ही गल्लत आहे.

शोषण बहुतेकांना ठाऊक असतं. ऑक्सिजन 60 गिगाहर्ट्झच्या आसपास शोषतो, पाण्याची वाफ 22.2 ला. समुद्रसपाटीला 60 गिगाहर्ट्झवर किलोमीटरमागे साधारण 15 डेसिबल, म्हणजे जवळजवळ 97 टक्के ऊर्जा जाते. एक वॅट सोडा नाहीतर हजार, प्रमाण तेच.

ब्रेकडाउनला, म्हणजे जोरदार क्षेत्रामुळे हवेतच मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा लोंढा तयार होण्याला, मात्र उंबरठा असतो. समुद्रसपाटीच्या हवेत विद्युतक्षेत्र मीटरला सुमारे 30 लाख व्होल्टपर्यंत जाईतो तो होत नाही. त्यापुढे एखादा मोकळा इलेक्ट्रॉन क्षेत्रातून ऊर्जा घेतो आणि रेणूवर आदळून दुसरा सोडवतो. एकाचे दोन, दोनाचे चार. चाळीस वेळा दुप्पट झाले की आकडा लाख कोटींच्या वर जातो. उंचावरच्या विरळ हवेत घनसेंटीमीटरला साधारण इतके इलेक्ट्रॉन 10 गिगाहर्ट्झच्या लहरीची वाट अडवायला पुरतात.

पण या दुपटीला वेळ लागतो, आणि लोक अडखळतात ते नेमके इथे. इलेक्ट्रॉन वाढेपर्यंत पल्सचं तोंड पुढे निघून गेलेलं असतं. अडकते ती शेपटी. पलीकडे पोचलेली पल्स ऑसिलोस्कोपवर, म्हणजे तिचा आकार वेळेनुसार दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहा. शोषण झालं असेल तर पल्सची उंची घटते, आकार साधारण तोच राहतो. ब्रेकडाउन झाला असेल तर चढती कड शाबूत दिसते आणि मागचा भाग छाटलेला. पॉवर वाढवली तर छाट आणखी आधी पडते, म्हणजे वाढवलेली बरीचशी ऊर्जा वायाच जाते. उलट काही नॅनोसेकंदांचीच पल्स असेल, तर कितीतरी जास्त क्षेत्र घेऊनही ती निसटते. म्हणून पल्सची रुंदी, म्हणजे ती किती वेळ टिकते हे, न सांगता “हवेची मर्यादा” म्हणून दिलेला एकच आकडा मी ग्राह्य धरत नाही.

उंचीबरोबर घटणारा हवेचा दाबही सांगायला हवा. वर जाल तसं शोषण कमी होत जातं, पण ब्रेकडाउनचा उंबरठाही खाली येतो. 10 गिगाहर्ट्झच्या लांब पल्ससाठी तो 30 किलोमीटरच्या आसपास सर्वांत खाली असतो, कारण तिथे इलेक्ट्रॉनच्या टकरींचा दर (सेकंदाला किती टकरी) लहरीच्या कोनीय वारंवारतेशी (वारंवारतेच्या 2π पटीशी) जुळतो. त्याहून वर हवा इतकी विरळ होते की टकराच पुरेशा होत नाहीत, आणि उंबरठा पुन्हा चढू लागतो.