अर्थ न लागलेला दिवा

इंग्लंडमध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त प्लंबर राहतात. गेली दोन वर्षं त्यांच्या गॅरेजात एक गाडी आकाराला येते आहे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचे पत्रे, मागच्या चाकांवर फायबरचे मडगार्ड आणि दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. ही किट कार. सुटे भाग खोक्यांतून घरी येतात आणि जुळवायचे आपण.

या शौकाच्या मुळाशी कर आहे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन ही किट म्हणूनही मिळणारी छोटी गाडी १९५७ साली आली, तेव्हा तयार गाडीवर ब्रिटनमध्ये खरेदी कर लागायचा, सुट्या भागांच्या किटवर लागायचा नाही. मग लोकांनी शनिवार-रविवारी पाने घेऊन गाड्या बांधल्या. १९७३ साली व्हॅट आला आणि ही सवलत संपली, पण हात काळे करायची हौस काही संपली नाही. आता अशी गाडी रस्त्यावर आणायची तर आधी सरकारी तपासणी पार करावी लागते, आणि ब्रेक लाइट लागत नसेल तर तिथूनच परत.

शेजाऱ्यांचा उजवा ब्रेक लाइट असाच अडून बसला होता. डावा लखलखीत, उजवा मिणमिणता. त्यांनी बल्ब तीनदा बदलला, पेडलजवळचा स्विच नवा घातला, शेवटी व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर आणला. लाल टोक होल्डरला येणाऱ्या ब्रेकच्या वायरवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, बायकोला पेडल दाबायला सांगितलं. मीटर म्हणाला १२.४ व्होल्ट. ‘करंट तर येतोय!’ असं म्हणत ते माझ्या दारात आले.

प्लंबरच तो. पाइपातून नळापर्यंत पाणी आलं की त्याचं काम झालं. पुढे ते बादलीत पडो नाहीतर मोरीत, नळाला त्याचं काही नाही. विजेचं मात्र तसं नसतं. ती बॅटरीच्या एका टोकातून निघते आणि दुसऱ्या टोकाला पोचायची वाट असेल तरच वाहते. एरवी मोटारीत ही परतीची वाट वेगळी ओढत नाहीत. पत्र्याची बॉडीच बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते आणि दिवा पत्र्याला टेकला की काम भागतं. आपल्याकडचा कुठलाही गॅरेजवाला हे पाहून आधी ‘अर्थ बघ’ म्हणाला असता. मराठीत अर्थिंगच्या या ‘अर्थ’वर कोटी करायचा मोह होतो, आणि मी तो शीर्षकात भागवून घेतला आहे.

इथे दिवा बसला होता फायबरवर. फायबरमधून वीज जात नाही. म्हणून दिव्यापासून एक काळी वायर सांगाड्यापर्यंत आणून स्क्रूने आवळलेली होती. दिसायला चोख काम.

खरी गंमत रात्री कळली. हेडलाइटचा स्विच टाकला, मागचे दोन्ही टेल लाइट, म्हणजे रात्री सतत जळणारे मंद लाल दिवे, नीट लागले. मग पेडल दाबलं, तर डावा दिवा प्रखर झाला आणि उजवा चक्क विझला. पेडल सोडलं की पुन्हा लागला. ब्रेक दाबल्यावर विझणारा दिवा! शेजाऱ्यांनी डोकं धरलं, माझं मात्र काम तिथेच झालं.

मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या बारीक तारा, असतात. ५ वॅटचं टेलसाठी, २१ वॅटचं ब्रेकसाठी. दोघांची एकेक टोकं आपापल्या वायरीला आणि उरलेली टोकं एकत्र, अर्थला. आता हा अर्थ तुटला आहे असं समजा. दिवसा पेडल दाबलं की वीज ब्रेकच्या फिलामेंटमधून आत येते आणि अर्थची वाट बंद म्हणून टेलच्या फिलामेंटमधून उलटी बाहेर पडते. तिथून टेलच्या वायरीने डाव्या टेल लाइटला, पुढच्या साइड लाइटना, नंबर प्लेटच्या दिव्याला जाते आणि त्यांच्या अर्थमधून घरी पोचते. ५ वॅटचं फिलामेंट एवढा रेटा अडवून धरतं, म्हणून प्रवाह जेमतेम पाव-अर्धा अँपिअरचा. ब्रेकच्या फिलामेंटला पुरतं पेटायला पावणेदोन अँपिअर लागतात, ते थंडच राहतं. म्हणजे मिणमिणत होता तो ब्रेक लाइट नव्हताच. उलट्या वाटेने पेटलेला टेल लाइट होता तो.

रात्री टेलच्या वायरीतही १२ व्होल्ट आणि ब्रेकच्या वायरीतही १२ व्होल्ट. दोन्हीकडे पातळी सारखी, मग वाहणार काय? दिवा गप्प. आणि पेडल सोडलेलं असताना टेलची वीज ब्रेकच्या फिलामेंटमधून डाव्या दिव्याकडे जाऊन तिथल्या चांगल्या अर्थमधून परतत होती, म्हणून टेल लाइट धडधाकट दिसत होता. एक वायर तुटली तर वीज दुसऱ्यांची अंगणं तुडवत घरी जाते. एकात दुसराच दिवा लागला, इंडिकेटरच्या तालावर टेल लाइट नाचू लागला, की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

मग मीटर खोटं बोलला का? नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याने दिलं. वीज दिव्यापर्यंत येते का, तर येते. दिव्यातून पुढे जाते का, हे कोणी विचारलंच नव्हतं. शिवाय डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्याला चालायला अँपिअरचा दशलक्षांश भाग पुरतो. गंजलेल्या, हजार ओहमच्या सांध्यापलीकडेही तो निवांत १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला मात्र एका ओहमचा अडथळाही भारी पडतो. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घातानुसार बदलत असल्याने एवढ्यानेच सुमारे ४० टक्के उजेड जातो. त्यामुळे मी मीटरपेक्षा दोन वायरी जोडलेल्या २१ वॅटच्या जुन्या बल्बवर जास्त भरवसा ठेवतो. तो खरोखर वीज ओढून पाहतो. (एलईडी बल्ब या कामाला घेऊ नका. तो थोडक्यात भागवतो आणि दोष झाकतो.)

मीटरच वापरायचा तर दिवा लावून ठेवून. पेडल दाबलेलं, एक टोक दिव्याच्या अर्थवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. इथे शून्याच्या आसपास आकडा हवा. आम्हाला मिळाला ११.६.

मग काळ्या वायरीचा स्क्रू सोडला. खाली सांगाड्यावर पावडर कोटिंगचा गुळगुळीत काळा थर, नखाने खरवडला तरी न निघणारा. लोखंडाला गंजापासून वाचवणारा तो रंग विजेलाही तितक्याच निष्ठेने अडवत होता. डावीकडे दातेरी वॉशर होता, त्याने आवळताना रंग फोडून लोखंडाला चावा घेतला होता. उजवीकडे शेजाऱ्यांनी साधा वॉशर टाकलेला, रंगावर ओरखडा नको म्हणून.

पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा पांढरी होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, वर व्हॅसलिन फासलं. मीटरवर ०.०५ व्होल्ट. शेजाऱ्यांनी एकदा पेडल दाबून पाहिलं, मग मीटर उचलला आणि न सांगता डाव्या दिव्याकडे गेले. तिथे ०.६ निघाले. तोही स्क्रू सोडायला घेतला.