माकडताप

माकडताप हा क्यासनूर जंगल विषाणूमुळे होणारा आणि गोचिडीच्या चाव्यातून माणसाला जडणारा तीव्र ताप आहे. रक्तस्रावी तापांच्या गटात तो मोडतो. कोकणात तो मुख्यतः सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, दोडामार्ग तालुक्यात आणि बांदा परिसरात आढळतो. तेथे २०१६ मध्ये साथ उद्भवली. लगतच्या गोव्यातील सत्तरीत त्याच्या आदल्या वर्षीच रुग्ण सापडले होते.

या विषाणूचा शोध १९५७ सालचा. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसेही तापाने फणफणली. माकडे आणि माणसे एकाच वेळी आजारी म्हटल्यावर पहिला संशय पीतज्वराचा (यलो फीवरचा) आला. हा रोग भारतात कधीच नव्हता, त्यामुळे धास्ती मोठी होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा केला, तेव्हा तो रशियातील गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. त्याची जनुकीय सामग्री आरएनएच्या एकाच धाग्यावर असते. १९५२ मध्ये सुरू झालेले ते केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. माकडतापाच्या आरटी-पीसीआर (विषाणूची जनुकीय सामग्री शोधणारी) व आयजीएम (रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी) या चाचण्याही तिथेच विकसित झाल्या.

नाव माकडाचे असले तरी माकड हा या रोगाचा पहिला बळी आहे, आणि हे कोकणातल्या प्रत्येक बागायतदाराला कळायला हवे. विषाणू रानउंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात फिरत राहतो. वानर किंवा लाल तोंडाचे माकड मेले, की त्याच्या अंगावरच्या बाधित गोचिडी खाली गळतात आणि तेवढा जमिनीचा तुकडा धोक्याचा होतो. पावसाळ्यानंतर अंड्यांतून सहा पायांची पिल्ले निघतात. कात टाकून ती आठ पायांची होतात, आणि माणसाला बहुतेक वेळा चावते ती हीच अवस्था. तिळापेक्षा लहान असल्याने ती पोटरीवर चिकटली तरी दिसत नाही.

हिचा जोर साधारण जानेवारीपासून मेपर्यंत, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात. झाडाखाली पडलेले बोंडू (काजूची फळे) उचलायचे, पिळून बी वेगळी करायची, राहिलेल्या बिया पातेऱ्यातून, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांतून, हाताने चाचपून काढायच्या आणि न्याहारीलाही त्याच पातेऱ्यावर बसायचे, असा बाईमाणसांचा दिवस जातो. भाजावळीसाठी (पेरणीआधी शेतजमीन भाजण्यासाठी) पातेरा गोळा करणे आणि जळाऊ लाकडे आणणेही याच दिवसांत होते. त्यामुळे ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला इथे पोकळ ठरतो. पोट त्या बागेवरच आहे. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ कपडे, अंगाला गोचिडी दूर ठेवणारे डेपा तेल, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ व कपडे धुणे एवढेच खरे उपयोगी.

चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप येतो, कपाळ ठणकते, कंबर व पाय मोडून येतात, डोळे लाल होतात. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. काही रुग्णांत ताप ओसरून आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा उलटतो आणि या खेपेला मेंदूवरही परिणाम होतो. मृत्यूचे प्रमाण साधारण तीन ते पाच टक्के आहे. माणसाकडून माणसाला तो लागत नाही.

कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि डेंग्यूशी याची सहज गल्लत होते. लेप्टो प्रामुख्याने पावसाळ्यात, चिखलाच्या शेतातून येतो. काजूच्या दिवसांत बागेत वावरलेल्या माणसाला असा ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. पहिल्याच आठवड्यात रक्ताचा नमुना गेला तर आरटी-पीसीआरने निदान होते. रोगावर खास औषध नाही. सलाइन, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष आणि गरज पडल्यास प्लेटलेट हाच उपचार. ॲस्पिरिन टाळतात. कर्नाटकात १९९० पासून वापरलेली लस अपुरी ठरल्याने पुढे थांबवण्यात आली.

रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावू नये, जागा लक्षात ठेवून वनखात्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. भोवती मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारली जाते आणि माकडाचे नमुने तपासणीला जातात. माणसांत रुग्ण दिसण्याआधी गावाला सावध करणारी खूण बहुधा हीच असते.