बार एक्झाम, पण कोणती? सनदेनंतरची की सनदेआधीची

जून महिना. न्यूयॉर्कच्या बार एक्झामच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेच्या तयारीतलं टॉर्ट्सचं (नुकसानभरपाईच्या कायद्याचं) लेक्चर पॉज करून मी खिचडी ढवळत होते आणि पुण्याहून आत्याचा फोन आला. "अगं, बारचीच परीक्षा ना? शेजारच्या मुलाने नोकरी सांभाळून आठवड्याभरात काढली. पुस्तकं घेऊन बसू देतात म्हणे. तू अख्खा उन्हाळा काय करतेयस?"

आत्याचं काही चुकलं नव्हतं. ती दुसऱ्या परीक्षेबद्दल बोलत होती, एवढंच. ती परीक्षा मीही दिलीय, त्यामुळे हसूही आलं आणि रडूही.

आपल्याकडे एलएलबी झालं की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नावनोंदणी करायची, सनद म्हणजे वकिलीचा परवाना घ्यायचा, बँड लावून फोटो काढायचा. परीक्षा त्यानंतर. तिचं नाव ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, सगळे म्हणतात एआयबीई. ती २०११ पासून सुरू आहे आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया घेते. सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत पास व्हायचं, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस मिळतं. मधल्या काळात माणूस सीनिअरच्या फायली उचलत कोर्टात हिंडतच असतो. अशी परीक्षा घेण्याचा कौन्सिलला अधिकार आहे का, यावर बरीच वर्षं वाद चालला. १० फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो अधिकार मान्य केला, आणि परीक्षा सनदेआधी घ्यायची की नंतर, हेही कौन्सिलवरच सोपवलं. शेवटच्या सत्रातल्या मुलांनाही आता बसू देतात, त्यामुळे 'आधी सनद, मग परीक्षा' हा क्रम थोडा सैल झालाय. तरी घराघरांत डोक्यात बसलेलं चित्र जुनंच आहे.

अमेरिकेत क्रम उलटा. बहुतेक राज्यांत पास झाल्याशिवाय वकील म्हणवून घेता येत नाही. तिथे अख्ख्या देशाची एक सनद नसते, प्रत्येक राज्य आपापली देतं. परीक्षा वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मे महिन्यात पदवी हातात पडते आणि जुलैअखेर परीक्षा असते. मधले जे आठ-दहा आठवडे, त्यांच्यावर अमेरिकेतला उन्हाळी शिकवणीचा एक अख्खा धंदा उभा आहे: बारब्री, थेमिस, कॅप्लान. मोठ्या फर्ममध्ये नोकरी लागलेल्यांची फी बऱ्याचदा फर्म भरते. एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी करायला आलेले आपण, काही हजार डॉलर स्वतःच्या खिशातून.

न्यूयॉर्कने जुलै २०१६ पासून युनिफॉर्म बार एक्झाम, म्हणजे अनेक राज्यांत सारखीच असलेली परीक्षा स्वीकारली. पहिल्या दिवशी सकाळी तीन तासांत दोन परफॉर्मन्स टेस्ट, दुपारी तीन तासांत सहा निबंध. दुसऱ्या दिवशी २०० एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न), शंभर सकाळी, शंभर दुपारी. एकूण ४०० गुण, पास व्हायला २६६. एआयबीईत १०० एमसीक्यू, साडेतीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, पासिंग ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४०. आणि पेपर मराठीतूनही देता येतो.

गंमत म्हणजे वेळेचा हिशेब केला तर दोन्हींत एका एमसीक्यूला दोनेक मिनिटंच येतात. मग फरक कुठे? त्या दोन मिनिटांत आपण काय करतो, त्यात.

एक प्रश्न घेऊ. तुमचं पाकीट हरवलं. एकाने ते सापडून आणून दिलं. तुम्ही खूश होऊन म्हणालात, "तुला हजार रुपये देईन." दुसऱ्या दिवशी शब्द फिरवलात. त्याला ते पैसे कायद्याने मागता येतील का?

एआयबीईत मी बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, उघडणार. टिपणं नसलेला कोरा बेअर ॲक्ट आत नेता येतो, आत्या म्हणाली ते हेच. भारतीय करार कायदा १८७२, कलम २५. उदाहरण (सी) मध्ये हेच पाकीट आहे, फक्त रक्कम पन्नास रुपये. हा करार आहे, असं तिथे स्वच्छ छापलंय. दहा सेकंदात उत्तर. मात्र करार कायद्यात हात घालायचा की आणखी कुठे, आणि घातल्यावर पंचविसाव्या कलमाशीच थांबायचं, हे आधी कळायला हवं. ज्याने वर्षभर बेअर ॲक्टला हात लावला नाही, तो तिथे अनुक्रमणिकाच चाळत बसतो.

तोच प्रश्न न्यूयॉर्कच्या हॉलमध्ये आला तर समोर काहीच नसतं. आणि सर्वसाधारण उत्तर नेमकं उलटं: वचन देण्याआधीच काम होऊन गेलं होतं, म्हणून कन्सिडरेशन (वचनाचा मोबदला) नाही, करार नाही. चार पर्यायांत एक पर्याय आपल्या कलम २५ सारखा दिसणारा असतोच, आणि भारतात शिकलेला हात आपोआप तिकडे जातो. मी सरावात तीनदा तिथेच पाय घसरून पडले. कोरी पाटी परवडली. अर्धं तेच, अर्धं वेगळं असं काही शिकणं महाकठीण.

समर कोर्स करतो ते हेच. कायदा शिकवायला तिथे कोणाला वेळ नसतो. नियम घोटून घेतात आणि लिहायची सवय लावतात. सकाळी तीन-चार तास व्हिडिओ, समोर गाळलेल्या जागांचं हँडआउट. लेक्चर बोलतं, आपण जागा भरतो, पाचवीतल्यासारखं. दुपारी तीस-पस्तीस एमसीक्यू, मग प्रत्येक चुकीच्या उत्तराचं स्पष्टीकरण वाचायचं. खरा अभ्यास तिथेच होतो, आणि दमलेला माणूस नेमकं तेच टाळतो. संध्याकाळी अर्ध्या तासाचा एक निबंध: मुद्दा, नियम, लागू करणं, निष्कर्ष. स्क्रीनच्या कोपऱ्यात टक्के दिसत राहतात, किती अभ्यासक्रम झाला त्याचे. जुलैच्या सुरुवातीला माझे ४१ होते. त्या आकड्याचा धसका घेऊन मी लेक्चरं दुप्पट वेगाने संपवायला लागले आणि प्रश्न सोडवणं मागे पडलं. तो शुद्ध मूर्खपणा होता. शेवटच्या तीन आठवड्यांत व्हिडिओ बंद केले, फक्त प्रश्न सोडवले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

त्या दोन दिवसांत एकच तुकडा भारतीय माणसाला ओळखीचा वाटतो, तो म्हणजे परफॉर्मन्स टेस्ट. नव्वद मिनिटं, एक काल्पनिक फाइल आणि लागेल तेवढा कायदा तेच देतात. आपण मेमो किंवा पत्र लिहायचं. पाठांतर शून्य. ज्याने सीनिअरच्या हाताखाली नोटिसांचे मसुदे केलेत, त्याला ती घरची वाटते.

आणि एआयबीईचं खरं भावंड न्यूयॉर्कमध्ये आहेच, फक्त त्याला कोणी बार एक्झाम म्हणत नाही. न्यूयॉर्क लॉ एक्झाम: राज्याच्या कायद्यावर ५० प्रश्न, दोन तास, ऑनलाइन, पुस्तक उघडून, ३० बरोबर आले की पास. आत्याला आधी हीच परीक्षा सांगितली असती तर फोन पाच मिनिटांत संपला असता. याशिवाय व्यावसायिक नीतीची एमपीआरई ही परीक्षा वेगळी आणि ५० तासांचं प्रो बोनो, म्हणजे मोफत कायदेशीर काम वेगळं. एआयबीईत नीतीचे चारेक प्रश्न त्याच पेपरात उरकतात.

'बार' म्हटल्यावर आजोबांच्या डोळ्यांसमोर तिसरंच काही यायचं: बॅरिस्टर, विलायत. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात शिकले, पण बॅरिस्टर झाले ते लंडनच्या ग्रेज इनमधून. तो प्रकार या दोन्हींहून निराळा.

एलएलएमला निघणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच बघाव्यात. सनद घेऊन ठेवली असेल तर एआयबीईची दोन वर्षं परदेशातही चालूच राहतात, म्हणून जमलं तर ती देऊनच विमानात बसा. शिवाय कॅलिफोर्नियात परदेशी वकिलाला आपल्या सनदेच्या जोरावर, वेगळी अमेरिकी पदवी न घेता, परीक्षेला बसता येतं. न्यूयॉर्कमध्ये नुसत्या सनदेवर भागत नाही. तिथे परीक्षा घेणारं बोर्ड तुमची पदवी तपासतं, आणि कॉलेज-विद्यापीठाकडून कागद थेट त्यांच्याकडे जावे लागतात. आपल्या विद्यापीठाच्या खिडकीवर ज्याने कधी ट्रान्सक्रिप्ट मागितलंय, त्याला त्यासाठी किती महिने आधी उठावं लागेल हे सांगायला नको.