खडक फुटतो तो मोकळ्या बाजूला

ग्रॅनाइटचा ठोकळा दाबून फोडायचा म्हटला, तर दर चौरस सेंटिमीटरला एक ते अडीच टन दाब लागतो. तोच ठोकळा दोन्ही टोकांना धरून ताणला, तर याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, पुष्कळदा त्याच्याही आधी, तो तुटतो. दाबाला पहाड, ताणाला खडू असा हा पदार्थ आहे. खाण असो, बोगदा असो की रस्त्यासाठी फोडलेली टेकडी, सुरुंगाची सगळी आखणी खडकाच्या या एका कमकुवतपणावर उभी असते. खडकाला ताण बसवायचा, तर त्याला सरकायला एक बाजू मोकळी हवी. ती बाजू कुठे आहे आणि ती केव्हा मोकळी होणार, या दोन प्रश्नांपुढे ‘स्फोटक किती’ हा प्रश्न दुय्यम ठरतो.

सुरुंगासाठी खडकात भोके पाडतात. भोकात भरलेल्या इमल्शन (क्षारद्रावण आणि तेल यांच्या दाट मिश्रणाच्या) स्फोटकातून विस्फोटाची लाट सेकंदाला साडेचार-पाच हजार मीटर वेगाने धावते. त्या क्षणी भोकाच्या भिंतीवर वातावरणाच्या कित्येक हजार पट दाब येतो आणि भिंतीलगतचा थोडासा खडक अक्षरशः पीठ होतो. तेवढा भाग सोडला की पुढे दाब खडकाच्या सहनशक्तीच्या आत येतो. तिथून दाबाची लाट बाहेर पसरते आणि भोकाभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा पडतात. लाट मोकळ्या बाजूला पोचली की पुढे दाबायला काही उरत नाही. ती परत फिरते, आणि परतताना ती दाबाची नसते, ताणाची असते. या ताणाने आधीच्या भेगा लांबतात आणि नव्या पडतात. मागून वायू येतो. एक किलो स्फोटकापासून साध्या दाबाला मोजल्यास सुमारे हजार लिटर वायू तयार होतो. तो भेगांत पाचरीसारखा घुसतो आणि तडकलेला खडक पुढे ढकलतो. लाट तीन मीटर खडक एका मिलिसेकंदाच्या आत पार करते, पण तोच खडक जागचा हलायला दहा-वीस मिलिसेकंदही घेतो. या दोन वेळांमधली तफावत पुढे फार महत्त्वाची ठरते.

भोकापासून मोकळ्या बाजूपर्यंतच्या सर्वांत कमी अंतराला बर्डन म्हणतात. आखणीत पहिला आकडा हाच ठरतो. साधारण अंदाज असा की बर्डन भोकाच्या व्यासाच्या २५ ते ३५ पट ठेवावे. शेजारच्या दोन भोकांमधले अंतर बर्डनच्या एक ते दीड पट. १० मीटर उंचीच्या बेंचवर, म्हणजे खाणीतल्या पायरीवर, १०० मि.मी. व्यासाची भोके घ्यायची असतील, तर बर्डन ३ मीटर आणि अंतर साडेतीन मीटर ही चांगली सुरुवात. भोक १० नव्हे, ११ मीटर खोल जाते. पायथ्याचा खडक तीन बाजूंनी जखडलेला असतो, आणि हा जादा मीटर नसेल तर तिथे उंचवटा राहतो. तो उंचवटा पुढे फावड्याच्या यंत्राला छळतो. वरचे ३ मीटर स्फोटक न भरता बुजवायचे. उरले ८ मीटर. मीटरला सुमारे ९ किलो या हिशोबाने एका भोकात ७२ किलो स्फोटक बसते आणि ते १०५ घनमीटर खडक फोडते, म्हणजे घनमीटरला साधारण ०.७ किलो. खडक मऊ किंवा आधीच भेगाळलेला असेल तर याच्या निम्म्यातही काम भागते.

वरचा भाग बुजवणे म्हणजे स्टेमिंग. काम कंटाळवाणे, म्हणून त्यात हयगय फार होते. ड्रिलमधून निघालेली भुकटी भोकाशेजारीच पडलेली असते, तीच लोटून दिली जाते. वायूच्या दाबाखाली भुकटी बुचासारखी उडून जाते. भोकाच्या व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी, कंगोरे असलेली खडी मात्र दाब आला की एकमेकींत अडकते आणि भोकाच्या भिंतीला घट्ट बसते. बूच काही मिलिसेकंद जास्त टिकले, तर वायू खडकात काम करतो. नाही टिकले, तर तो मोठा आवाज करून आकाशात जातो आणि खाली मोठमोठे दगड तसेच पडून राहतात. खडीचा तो थोडा जादा खर्च मी तरी कधीच वायफळ मानणार नाही.

सर्वांत जीवघेणी चूक म्हणजे दगड उडणे. त्याची मुळे बहुतेक वेळा बर्डनमध्ये सापडतात. कागदावर ३ मीटर असते, पण आधीच्या स्फोटाने दरडीच्या पोटात खळगा पडलेला असतो आणि तिथे प्रत्यक्षात दीडच मीटर खडक शिल्लक असतो. वरून भोकाचे तोंड पाहणाऱ्याला हे दिसत नाही. त्यात ड्रिल वाकडे गेले, तर भर पडते: तीन टक्के तिरपेपणा ११ मीटर खोलीवर ३३ सेंटिमीटर होतो. म्हणून दरडीचे लेझरने मोजमाप घेतात, भोकांची दिशा तपासतात, आणि जिथे खडक पातळ तिथे स्फोटक कमी करतात किंवा मध्ये खडीचा थर देतात. मातीची फट किंवा पोकळी लागली तर धोका वेगळा. पंपाने भरले जाणारे स्फोटक पोकळीत साठत राहते, भोकातली पातळी मात्र वर येत नाही. मोजून जेवढे भरायचे तेवढे गेले आणि पातळी अपेक्षेइतकी चढली नाही, तर भरणे तिथेच थांबवायचे. ‘अजून थोडे घाल, येईल वर’ या वाक्याने माणसे मेली आहेत. उलट बाजूने, बर्डन फार जास्त असेल तर खडक पुढे जाऊ शकत नाही. वायू वरून फुटतो, जमीन जोराने हादरते आणि मागची दरड तडकते.

आता वेळ. शंभर भोके एकदम उडवली, तर पहिली ओळ सोडून बाकी सगळ्यांपुढे खडकाची भिंतच असेल. म्हणून पहिली ओळ फुटून पुढे सरकली की दुसरीसाठी नवी मोकळी बाजू तयार होते, मग तिसरीसाठी. दोन ओळींमध्ये बर्डनच्या दर मीटरला साधारण १० ते ३० मिलिसेकंद ठेवतात. ३ मीटरसाठी ३० ते ९०. कानाला एकच गडगडाट ऐकू येतो, पण आत क्रमवार शिस्त चालू असते.

शॉक ट्यूब म्हणजे स्फोटाचा संदेश भोकाभोकांत पोचवणारी बारीक नळी. तिच्या जोडणीत आणखी एक खुबी आहे. पृष्ठभागावरच्या जोडणीत १७, २५, ४२ मिलिसेकंद असे छोटे विलंब, आणि भोकाच्या तळाशी ५०० मिलिसेकंदांचा मोठा. पहिले भोक फुटून दगड हलेपर्यंत संदेश पुष्कळ पुढे निघून गेलेला असतो, त्यामुळे उडालेल्या दगडाने नळी तुटून मागची भोके तशीच राहण्याचा धोका कमी होतो. पण तळातला विलंब जळणाऱ्या मसाल्यावर चालतो. तो दोन टक्के जरी चुकला, तरी ५०० वर १० मिलिसेकंद होतात. एक भोक १० उशिरा, शेजारचे १० लवकर, आणि मध्ये अंतर १७चे: क्रम उलटा झाला. इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरमध्ये (भोकातले स्फोटक उडवणाऱ्या टोपीमध्ये) चिप वेळ मोजते आणि एकेका मिलिसेकंदाने ती ठरवता येते. ते महाग असतात. तरी वस्तीजवळच्या कामात त्यांना पर्याय शोधू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वस्तीचा प्रश्न कंपनाचा. जमिनीचा कण कमाल किती वेगाने हलला, हे मिलिमीटर प्रति सेकंदात मोजतात. एकूण किती किलो उडवले याला इथे फारसा अर्थ नाही. एका क्षणी किती उडाले हे मोजायचे. रूढ हिशोबात ८ मिलिसेकंदांच्या आत फुटलेली सगळी भोके एकच धरतात. अंतराला या वजनाच्या वर्गमुळाने भागले की तुलनेचा आकडा मिळतो. घर २०० मीटरवर आणि एका क्षणी २५ किलो असतील, तर २०० भागिले ५, म्हणजे ४०. सर्वसाधारण खडकात कंपन सुमारे ३ मि.मी. येते. तेच वजन १०० किलो केले की कंपन ९ मि.मी.च्या वर जाते. चौपट वजन, तिप्पट हादरा. हे सूत्र फक्त सुरुवातीचे आहे. प्रत्येक जागेचा खडक वेगळा असल्याने पहिल्या काही बारांची मोजणी करून तिथले गुणांक काढावेच लागतात.

माणसाला १ मि.मी.च्या खालचे कंपनही जाणवते, आणि भिंतीला तडा जायला त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणून भीती आणि नुकसान यांची गल्लत होते. पण म्हणून तक्रारी खोट्या ठरत नाहीत. बैठी घरे सेकंदाला ४ ते १२ वेळा डोलण्याकडे कललेली असतात. दूरवर गेलेली लाट जलद कंपने गमावून याच संथ पट्ट्यात येते, आणि तिथे कमी वेगही घराला जास्त हलवतो. मर्यादा ठरवताना वारंवारिता पाहतात ती यासाठीच.

बोगद्यात तर मोकळी बाजू एकच, समोरचे तोंड, आणि भोके तिच्याकडे काटकोनात. म्हणून मधोमध १०० मि.मी.च्या आसपासचे एक-दोन भोक पाडून रिकामे ठेवतात. पहिली भरलेली भोके या रिकाम्या भोकाच्या व्यासाच्या दीडपट अंतरावर असतात. ती त्या चिंचोळ्या पोकळीत खडक ढकलतात. मग पोकळी वाढत जाते, पुढची भोके तिच्यात फुटतात, शेवटी कडेची आणि तळाची. डबर बाहेर फेकले जायला वेळ हवा, म्हणून इथले विलंब उघड्या खाणीपेक्षा मोठे असतात. मधला काप फसला तर पूर्ण फेरी फसते.

कडेच्या भोकांची गोष्ट वेगळी. उघड्यावरच्या कटिंगमध्ये ती व्यासाच्या दहा-बारा पट अंतरावर, भोकापेक्षा बारीक कांड्या घालून, मुख्य बाराच्या आधी एकदम उडवतात. भोवतीची हवा दाब मऊ करते, खडकाचे पीठ होत नाही आणि भोकाभोकांना जोडणारी एकच भेग पडते. घाटातल्या कटिंगमध्ये दरडीवर उभ्या समांतर अर्धनळ्या दिसतात ना, त्या याच. त्या जितक्या अखंड, तितकी मागची दरड सुरक्षित.

जागेचे महत्त्व कॅनडातल्या रिपल रॉकने फार मोठ्या प्रमाणावर दाखवले. सेमूर सामुद्रधुनीतल्या या बुडालेल्या शिखरांवर जहाजे आपटत. १९४०च्या दशकात तराफ्यांवरून भोके पाडायचे प्रयत्न प्रवाहाने हाणून पाडले. शेवटी जवळच्या बेटावर विहीर खणून तळाखालून आडवा बोगदा नेला आणि शिखरांच्या पोटात वर चढून स्फोटक भरले. ५ एप्रिल १९५८ रोजी सुमारे १,२७० टन स्फोटकाने ६,३५,००० टन खडक आणि पाणी उचलले. टनाला २ किलो. वरच्या बेंचच्या उदाहरणात टनाला पाव किलोच्या थोडे वर लागते. डोक्यावरचे पाणी हलवायची ही किंमत.

बार उडाल्यावर धूर पाहावा. नारिंगी-तपकिरी असेल तर तो नायट्रोजन डायऑक्साइड, विषारी; बहुधा भोकात पाणी शिरलेले किंवा स्फोटक बिघडलेले. तो विरेपर्यंत कोणी आत जायचे नाही. मग ब्लास्टर एकटा जाऊन पाहतो: डबर सगळीकडे सारखे उठले आहे की एखादा भाग जागचा हललाच नाही, न पेटलेली नळी कुठे डोकावते का, बोगद्याच्या तोंडावर अर्धवट भोकांचे तळ राहिलेत का. अशा तळात पुन्हा ड्रिल घालायचे नाही, ते रिकामे दिसले तरी. नवे भोक बाजूला घ्यायचे. फुसक्या बाराची जागा खुणेने बंद करतात, आणि डबर भरणाऱ्या यंत्राच्या चालकाला भोकांचा नकाशा देऊन सांगतात की अमुक ओळीतले अमुक भोक न फुटल्याचा संशय आहे, तिथे बादली हळू घाल.