गुलाबी रंगातली घरं: युद्धोत्तर ब्रिटनमधील अन्न आणि घरांच्या तपासणीची पार्श्वभूमी

खाटकाच्या दुकानातलं मांस आणि मागच्या गल्लीतल्या भिंतीची ओल, दोन्ही पाहणारा नगरपालिकेचा माणूस एकच, ही ब्रिटनमधली व्हिक्टोरियन काळापासूनची वहिवाट. १९५६ साली त्याचा ‘सॅनिटरी इन्स्पेक्टर’ हा हुद्दा जाऊन ‘पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर’ आला. काम तेच राहिलं.

अन्नाचं त्यामानाने सरळ होतं. जुलै १९५४ मध्ये रेशनिंग संपलं आणि १९५५ मध्ये अन्नस्वच्छतेचे नियम आले: कामगारांना हात धुवायला गरम पाणी, साबण, नखांचा ब्रश, स्वच्छ टॉवेल.

घरांचं तसं नव्हतं. ‘राहण्यास अयोग्य’ घर कोणतं, याचे निकष १९५४ च्या कायद्याने ठरवले: दुरुस्ती, मजबुती, ओल, उजेड, हवा, पाणी, सांडपाणी व संडास, अन्न साठवण्या-शिजवण्याची सोय. न्हाणीघर त्यात नव्हतं, गरम पाण्याचा नळही नव्हता. म्हणजे पाववाल्याच्या दुकानात जे सक्तीचं, ते त्याच्या घरी नसलं तरी घर योग्यच! तरीही १९५५ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या पालिकांनी सुमारे साडेआठ लाख घरं अयोग्य ठरवली.

खरा वाद पेटला तो भरपाईवरून. अयोग्य घरं पालिका ताब्यात घेऊन पाडत असे. पाडायच्या वस्तीच्या नकाशात अयोग्य घर गुलाबी रंगवत, आणि त्या घराच्या मालकाला फक्त मोकळ्या जागेची किंमत मिळे. भाडं खाऊन दुरुस्ती टाळणाऱ्या मालकासाठी हा न्याय ठीक होता. पण युद्धानंतरच्या टंचाईत दुसरं काही न मिळाल्याने जमवलेल्या पैशांतून तेच घर घेतलेल्या गिरणी कामगारालाही तोच नियम लागू झाला. घर पाडलं गेलं तरी कर्जाचे हप्ते राहिले. १९५६ च्या कायद्याने स्वतः राहणाऱ्या अशा काही मालकांना बाजारभाव दिला, तोही मर्यादित मुदतीसाठी. ही सवलत ठरावीक अटींवर कायम व्हायला १९६९ उजाडलं. तोवर कित्येक गल्ल्या जमीनदोस्त झाल्या होत्या. इन्स्पेक्टरच्या शेऱ्याने माणसाची पुंजी बुडावी, हे आरोग्याच्या कामात कसं बसत होतं, कोण जाणे.

१९६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला अर्जेंटिनाच्या डबाबंद कॉर्न्ड बीफमधून (खारवलेल्या गोमांसातून) विषमज्वर पसरला, पाचशेहून अधिक रुग्ण झाले आणि लक्ष पुन्हा अन्नाकडे वळलं. १९७४ च्या आरोग्यसेवेच्या आणि पालिकांच्या फेररचनेत पालिकेच्या आरोग्याधिकाऱ्याचं, म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टरचं, पदच गेलं. १९८८ मध्ये अंड्यांतल्या साल्मोनेला या जंतूवरून गदारोळ झाला आणि १९९० चा अन्नसुरक्षा कायदा आला. न्हाणीघर आणि गरम पाणी मात्र घराच्या निकषांत १९८९ मध्ये शिरलं. २००६ पासून इंग्लंडमध्ये ते निकषही गेले. आता घरातल्या एकेका धोक्याला गुण देतात.