जुन्या फायबरग्लास बोटीतली गळती: शोध आणि दुरुस्ती

जुन्या फायबरग्लास बोटीत पाणी साचायला लागलं की पहिला संशय फायबरवर येतो, पण बहुतेक वेळा दोष फायबरचा नसतोच, तो त्याच्यात पाडलेल्या भोकांचा असतो. काचेच्या धाग्यांची मॅट आणि विणलेलं कापड पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून साच्यात थरावर थर देत ही बोट बनते, आणि बाहेरून जेलकोटचं गुळगुळीत कवच असतं. १९५० आणि ६० च्या दशकात अशा बोटी मोठ्या संख्येने बनायला लागल्या आणि त्या काळातल्या कित्येक अजून पाण्यात आहेत, म्हणजे मटेरियल टिकतं. लाकडी होडीसारख्या फळ्यांच्या फटी हिच्यात नसतात. पण दोर बांधायच्या क्लीट, रेलिंगचे पाय, खिडक्या, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट, पाणी आत घेणारे नि बाहेर टाकणारे पाइप, कडेच्या रबरी पट्टीचे स्क्रू असं मोजत गेलं तर साध्या बोटीलाही ढीगभर भोकं निघतात, आणि प्रत्येकाभोवतीचं सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लगदा, वीस-तीस वर्षांत कडक होऊन कडेने सुटतं.

दुरुस्तीपेक्षा शोधणं जास्त अवघड. कारण पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं असेलच असं नाही, पुढच्या क्लीटखालून शिरलेला थेंब डेक, म्हणजे बोटीचं वरचं आच्छादन, आणि आतल्या साच्याच्या अस्तरामधून वाहत वाहत मागे इंजिनजवळ टपकू शकतो. म्हणून डाग दिसला की तिथेच सीलंट फासायची घाई करू नये, हे या कामातलं सगळ्यात महागात पडणारं पाऊल आहे, कारण त्याने पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते आणि आत यायची तशीच उघडी राहते.

सुरुवात पाणी कुठलं आहे यापासून करावी. बोट समुद्रात असेल आणि बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, गोडं पाणी सापडत असेल तर ते पावसाचं असतं नाहीतर पिण्याच्या टाकीचं; खारं असेल, सुकल्यावर पांढरा क्षार सोडत असेल, तर बाहेरून खालून येतंय किंवा इंजिन थंड करणाऱ्या पाइपातून. मग वेळ बघायची. पावसानंतरच येतं का, इंजिन चालवल्यावरच येतं का, बोट एका बाजूला कलली की येतं का, की शांत उभी असतानाही येत राहतं? या चार प्रश्नांत अर्धी बोट संशयातून बाद होते.

त्यानंतर बिल्ज पूर्ण कोरडा करायचा, अगदी फडक्याने पुसून, आणि संशयाच्या जागांखाली टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरवायची, पाण्याचा ओघळ त्यात रेघ काढून जातो आणि ती रेघ धरून वर वर जात राहायचं. टिश्यू पेपरचे तुकडे पाइपांच्या जोडांवर गुंडाळून ठेवले तरी चालतं, ओला झालेला तुकडा लगेच कळतो. डेकवरची गळती पकडायला एक जण आत टॉर्च घेऊन बसतो आणि दुसरा बाहेरून पाण्याचा पाइप धरतो, पण पाणी खालून वर न्यायचं, आधी सगळ्यात खालची फिटिंग, काही मिनिटं तिथेच, मग तिच्या वरची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठल्या भोकातून आलं ते समजतच नाही.

अजून एक फार चांगली रीत आहे. दारं, हवेच्या जाळ्या वगैरे टेपने बंद करून एका झडपेतून ब्लोअरने आत हवा भरायची, फार दाब लागत नाही, आणि बाहेरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे येतात तिथे वाट आहे. ट्रेलरवरच्या छोट्या बोटीत काही जण उलट आत पाणी भरून बाहेर कुठे ठिबकतं ते बघतात. तेही चालतं, पण एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो वजन, आणि बोटीला बाहेरून पाण्याचा आधार मिळायची सवय असते, ट्रेलरच्या दोन पट्ट्यांचा नाही, म्हणून थोडंच भरावं आणि तळाला ठिकठिकाणी टेकू द्यावेत.

पाण्याखालच्या जागा थोड्याच, पण बोट बुडवतात त्याच. गणित करून बघितलं तर, पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटीमीटरवर २५ मिमीचं भोक उघडं पडलं तर सेकंदाला साधारण एक लिटर पाणी आत येतं, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. तळातून जाणाऱ्या प्रत्येक फिटिंगचा व्हॉल्व फिरतो का, त्यावरचा होज तडकलाय का, क्लॅम्प गंजलेत का हे हाताने ओढून बघायचं. फिटिंग साध्या पितळेची असेल तर खाऱ्या पाण्यात तिच्यातलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं, जरा खरवडलं की रंग दिसतो. अशी फिटिंग बदलायचीच, तिच्यावर वरून काहीही लावून उपयोग नाही, जागी कांस्याची घालावी. शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून, म्हणजे ग्लँडमधून, मात्र थोडं ठिबकणं हा दोष नाही, जुन्या पद्धतीच्या दोरी-पॅकिंगच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब यायलाच हवेत, त्यानेच पॅकिंग थंड राहतं, फार आवळलं तर शाफ्टवर चरे पडतात. उभ्या बोटीत धार लागत असेल तर पॅकिंग बदलायची वेळ झाली.

बाहेर आउटबोर्ड इंजिन लावलेल्या बोटींत मागची सपाट भिंत, जिला ट्रान्सम म्हणतात, ही खास दुखरी जागा. तिच्या आत बहुधा प्लायवुड असतं, इंजिनचे बोल्ट आणि निचऱ्याची नळी त्याच्यातून आरपार जातात, आणि सीलंट गेलं की प्लाय कुजायला लागतो. इंजिन उभं धरून खाली-वर दाबलं आणि भिंत हलली तर आत लाकूड उरलेलं नाही असंच समजावं. आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारून निघालेला भुसा बघितला की खात्री होते, कोरडा नि पिवळसर असेल तर ठीक, काळपट नि ओला असेल तर काम मोठं आहे. शिडाच्या बोटीत तळाला बोल्टने बसवलेलं वजनदार कील असतं, त्याच्या जोडावर पुढच्या बाजूला चीर दिसली तर ती नुसती पुट्टी भरून झाकू नये, बोल्ट तपासल्याशिवाय तर नाहीच.

डेकची गळती बोट बुडवत नाही, पण हळूहळू खाते, आणि मला वाटतं जुन्या बोटींचं सगळ्यात जास्त नुकसान हिच्यामुळेच होतं. डेक सहसा एकसंध फायबरचं नसतं, दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड, प्लायवुड किंवा फोमचा गाभा असतो, वजन कमी आणि कडकपणा जास्त म्हणून. त्याच्यात कोणीतरी भोक पाडून क्लीट बसवली, भोकाची कड तशीच उघडी ठेवली, की सीलंट सुटल्यावर पाणी केबिनमध्ये न येता आधी त्या लाकडात मुरतं. आत एक थेंबही दिसत नाही आणि वर्षानुवर्षं डेक कुजत राहतं. प्लास्टिकच्या हातोडीने किंवा नाण्याने ठोकत जायचं, चांगल्या जागी टणक आवाज, सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागी बसका, ठप्प असा, आणि खडूने हद्द आखत जायची. ओलावा मोजायचं मीटर मदतीला असतं पण त्याच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नये, खालचा धातू किंवा टाकीसुद्धा त्याला फसवते.

दुरुस्तीची पद्धत एकदा हाताला बसली की प्रत्येक फिटिंगला तीच. फिटिंग पूर्ण काढायची, जुनं सीलंट खरवडून साफ करायचं, भोक थोडं मोठं करायचं, कडेचा ओला गाभा कोरून काढायचा, सुकू द्यायचं, खालून टेप लावून घट्ट केलेलं इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं रेझिन) भरायचं आणि ते कडक झाल्यावर त्याच्या मधोमध योग्य मापाचं नवं भोक पाडायचं. आता बोल्ट इपॉक्सीतून जातो, पुढे कधी सीलंट सुटलं तरी गाभ्याला पाणी लागत नाही. भोकाच्या तोंडाला थोडा उतार दिला की सीलंट तिथे कड्यासारखं बसतं, आणि खाली मोठा पाटा किंवा वॉशर द्यावा म्हणजे ताण पसरतो.

सीलंट कुठलं हे जागेवर ठरतं. डेकच्या फिटिंगसाठी ब्युटाइल टेप फार चांगली, ती मऊच राहते आणि पुढे काढताही येते. पाण्याखाली पॉलियुरेथेन, पण त्याचे कायमचे चिकटणारे प्रकार फिटिंगबरोबर जेलकोटही उपटून आणतात म्हणून परत काढावी लागेल अशा ठिकाणी नकोत. पॉलिसल्फाइड चांगलं, मात्र प्लास्टिकच्या खिडक्यांना लावू नये, काही प्लास्टिक त्याने तडकतात. आणि सिलिकॉन सगळीकडे फासायची सवय वाईट, ते काढल्यावरही मागे असा थर ठेवतं की त्यावर पुढे ना रंग धरत ना रेझिन.

फायबरलाच खरी चीर किंवा भोक असेल तर नुसती पुट्टी भरून भागत नाही. जेलकोटमधल्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा वेगळ्या, त्या बहुधा वरवरच्या असतात आणि तळावरचे फोडही सहसा गळती नसतात, पण चीर थरांत उतरली असेल तर आधी सॉल्व्हंटने मेण आणि तेल पुसायचं, मगच घासायचं, उलट केलं तर मेण घासून आत जातं. मग चिरेपासून बाहेर लांब उतार घासायचा, जाडीच्या बारापट, म्हणजे थर ५ मिमीचा असेल तर चारी बाजूंना ६० मिमी. त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड थर देत बसवायचं. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा चांगलं धरतं, पण इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून वरून जेलकोटऐवजी रंग देणं सोपं पडतं. हार्डनर मापात, लवकर वाळावं म्हणून जास्त टाकलं तर इपॉक्सी कडकच होत नाही, आणि एका डब्यात खूप कालवलं तर स्वतःच्याच उष्णतेने धूर यायला लागतो. घासताना काचेची धूळ उडते, चांगला मास्क, चष्मा आणि हातमोजे याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये.

डेकचा मोठा भाग कुजला असेल तर वरून बारीक भोकं पाडून ओल्या लाकडात इपॉक्सी सोडायचा शॉर्टकट करतात, तो टिकत नाही, ओल्या जागेला इपॉक्सी चिकटतच नाही. वरचा थर कापून अख्खा उचलायचा, गाभा खरवडून नवा बसवायचा, तोच थर परत चिकटवून कापलेल्या रेषेवर उतार घासून कापड द्यायचं. वेळखाऊ आहे पण हेच करावं लागतं.

काम झाल्यावर पाण्यात उतरवताना बिल्ज परत कोरडा ठेवून पावडर टाकायची. क्रेनने उतरवत असतील तर पट्टे ढिले केल्यावर लगेच काढू देऊ नयेत, आत जाऊन तळाची प्रत्येक फिटिंग आणि ग्लँड टॉर्चने बघायची, बोटाने चाचपायची, आणि प्रत्येक व्हॉल्वशेजारी त्याच्या मापाची, व्हॉल्व तुटला तर भोकात ठोकायची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधलेली आहे ना तेही. मग एका तासाने परत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा.